लेकीला परीक्षेला न बसवणारी सुजाता

सुजाताच्या नवऱ्याचा, विनोदचा फोन आला तेव्हा मी ऑस्ट्रेलियातल्या वॉलाँगाँगला, आमच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनच्या रांगेत उभी होते. "गेली गं सुजाता," एवढंच तो म्हणाला आणि पुढे त्याला बोलवेना. माझा चेहरा बघून मागच्या बाईनं विचारलं, "यू राइट, लव्ह?" मी सवयीनं "नो वरीज" म्हणाले आणि सँडविच घेऊन टेबलाशी जाऊन बसले. माझी वीस वर्षांपासूनची मैत्रीण गेली होती आणि मी सँडविच खात होते... अशा वेळी माणसानं काय करायचं असतं, ते मला आजही माहीत नाही.

आम्ही दोघी इथल्या युनिव्हर्सिटीत एकाच वर्षी आलो. ती नागपूरची, मी ठाण्याची. एका खोलीत राहिलो, एका कुकरमधलं जेवलो. परीक्षा म्हणजे मला शिक्षा आणि तिला सण! पेपरच्या दिवशी बाई न्हाऊन, इस्त्रीचे कपडे घालून निघायची. तिच्या आजोबांना वर्गात बसू देत नसत, दाराबाहेर बसून ते अक्षरं शिकले. त्यांचा मुलगा, म्हणजे सुजाताचे बाबा, हेडमास्तर झाले. नागपूरच्या घरी बुद्धाच्या तसबिरीखाली सुजाताचे सगळे निकाल फ्रेम करून टांगलेले होते. त्या घरात परीक्षेचं मोल काय होतं, हे आमच्यासारख्यांना वरवरच कळायचं.

तीच सुजाता पुढे लेकीला परीक्षेला बसवायचं नाही म्हणून सगळ्यांशी भांडली. तिची लेक मैत्री तेव्हा तिसरीत होती. इथे तिसरीला आणि मग दर दोन वर्षांनी 'नॅपलॅन' नावाची देशभर एकच परीक्षा असते. पास-नापास काही नाही, मुलं कुठवर आलीत ते बघायचं, एवढंच. मैत्रीची टीचर तर म्हणाली होती, घरी काही तयारी करू नका. पण आपल्या लोकांना हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सुजाता राहायची त्या सिडनीच्या हॅरिस पार्कमधल्या आपल्या बिऱ्हाडांतली निम्मी पोरं दुसरीपासून कोचिंगला. सुजातानंही मोठ्या हौसेनं मैत्रीला घातलं. काही महिन्यांत पोरगी स्वतःच्या पापण्यांचे केस उपटायला लागली. एका सकाळी उशीवरचे ते बारीक केस सुजातानं बोटानं उचलले आणि त्याच दिवशी कोचिंग बंद केलं. मग शाळेत जाऊन सांगून आली, माझी मुलगी नॅपलॅन देणार नाही. तशी मुभा इथे पालकांना असते. आमच्यातल्या कुणी ती घेतल्याचं मात्र मी ऐकलं नव्हतं.

चूक एकच केली. हे तिनं बाबांना व्हिडिओ कॉलवर कौतुकानं सांगितलं. तिला वाटलं, जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, त्यांना कळेल. मी शेजारीच बसले होते. बाबा म्हणाले, "माझ्या बापाला लोकांनी दाराबाहेर बसवलं. तू तुझ्या पोरीला स्वतःच्या हातानं बसवलंस." सुजाता म्हणाली, "बाबा, मी तिला शाळेतून नाही काढलं. एका परीक्षेतून काढलं." त्यांनी फोन ठेवला, आणि पुढे वर्षभर लेकीशी बोलले नाहीत.

परीक्षेच्या दिवसांत मैत्री शाळेच्या लायब्ररीत बसली. पुस्तकांना कव्हरं घालायला मिळाली म्हणून खूश होती. नंतर बुद्धविहारातल्या रविवारच्या जेवणात तिची एक मैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, "माय मम सेज ओन्ली डम्ब किड्स डोन्ट डू इट." ती 'मम' तिथेच भात वाढत होती. तिनं मान खाली घातली, पण पोरीला गप्प केलं नाही. मला आजही त्या बाईचा राग येतो. गाडीत बसल्यावर सुजाता मला म्हणाली, "माझं चुकलं का गं?" मी म्हटलं, "अजिबात नाही." तेव्हाही तसंच वाटत होतं, आजही वाटतं. मैत्रीच्या पापण्या पुन्हा आल्या होत्या. आणखी काय पुरावा हवा होता लोकांना?

मग आजार आला आणि बघता बघता सुजाताला खाऊन गेला. बाबा नागपूरहून धावत आले. बापलेक पुन्हा बोलू लागली, पण त्या विषयावर माझ्यासमोर दोघांनी अवाक्षर काढलं नाही. शेवटच्या भेटीत तिनं माझा हात धरला. "येत्या मार्चला मैत्रीची पाचवीची परीक्षा आहे. तिला नको बसवू देऊस." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? पण माझ्या हो म्हणण्याला किंमत किती? मी ना नात्याची, ना गोत्याची.

ती जाऊन महिना व्हायच्या आत मैत्री पुन्हा कोचिंगला जायला लागली. मी विनोदशी भांडायला गेले. तो म्हणाला, "मी शिफ्टला असतो. घर खायला उठतं तिला. तिथे निदान चार पोरं असतात. तूच सांग, काय करू?" मी बाबांकडे वळले, तर ते मैत्रीच्या खोलीत टेबलाशी बसून पेन्सिलींना टोक करत होते. मी सुजाताचं बोलणं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. मलाही म्हणाली होती ती." त्यांनी पुढची पेन्सिल उचलली. "पण बेटा, मी हिला दुसरं काय देऊ? माझ्याकडे एवढंच आहे." त्यांच्यावर ओरडायला गेलेली मी त्यांच्याजवळ बसून रडले. या घरात कुणीच वाईट नाही. वाईट कुणी असतं तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं!

गेल्या शनिवारी मैत्रीला कोचिंगहून आणायला मी गेले. गाडीत बसताच, मी काही विचारायच्या आत तिनं मार्क सांगितले. वर्गात पहिली आली होती. मी "शाब्बास" म्हटलं, आणि म्हणताना माझी मलाच लाज वाटली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मावशी, ममा मार्क्स नाही विचारायची. शी यूज्ड टू आस्क, आज हसायला कधी आलं? तू विचारू शकतेस, इफ यू वॉन्ट."

मी विचारलं, "आज हसायला कधी आलं गं?"

ती खिडकीबाहेर बघत आठवत राहिली. अगदी मनापासून आठवत होती. मिठाईची दुकानं गेली, स्टेशन गेलं, तिची बिल्डिंग आली. मी गाडी थांबवली.

"नॉट टुडे, मावशी," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळीही विचार हं." आणि दप्तर घेऊन उतरली.