राखणदाराचे नारळ

आपण रिकामं आहोत, हे माझ्या मूत्राशयाला कधी पटलंच नाही. जाऊन आलं की थोड्या वेळात पुन्हा कळ, ओटीपोटात आग, आणि जास्त वेळ बसलं तर कमरेखाली सगळं आवळून येणार. महाडात वर्षानुवर्षं गोळ्या खाल्ल्या. लघवीचा रिपोर्ट दर वेळी स्वच्छ. "मनाचे खेळ आहेत," असं एका डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना शांतपणे त्यांच्या दवाखान्यातला संडास कुठे आहे ते विचारलं.

शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी नीट ऐकून घेतलं. जंतू नाहीत, मूत्राशयच हळवं झालंय, म्हणाल्या. मुळापासून जाईलच असं नाही, पण सांभाळता येईल. चहा, तिखट, चिंच, कोकम बंद करून बघायचं. पाणी घोट घोट प्यायचं, शेक घ्यायचा, आवळलेलं अंग श्वासाबरोबर सैल सोडायला शिकायचं. कोकणातल्या बाईला कोकम बंद म्हणजे काय ते त्यांना पुण्यात बसून काय कळणार? तरी मी घरी येताना आनंदाने रडले. माझं दुखणं खरं आहे असं कोणीतरी म्हणालं होतं.

दुखणं हळूहळू आटोक्यात आलं, पण प्रवासाची धास्ती काही गेली नाही. आणि नेमकं तेव्हाच भाचीचं लग्न ठरलं, उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतल्या मुलाशी. लग्न महाडात, आणि तिसऱ्या प्रहरी नवऱ्याकडच्या एसटीतून नवरीची पाठवणी. नवरीसोबत पाठराखीण म्हणून माहेरची एक बाई जाते. भाचीने मला धरलं.

"मला अर्धा तास धड बसवत नाही गं," मी म्हटलं.

"मग मीही जात नाही. सांग तसं त्यांना."

पोरगी माझ्यावरच गेली होती. मी हो म्हटलं, आणि लग्नापर्यंत रोज मनातल्या मनात त्या रस्त्यावर माझी फजिती होताना बघत राहिले. भर वऱ्हाडात नव्या नवरीची मावशी भिजलेल्या शालूत उतरली, तर पोरीला जन्मभर तेच ऐकावं लागलं असतं.

त्या दिवशी मी चहाला शिवले नाही. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरली. पोलादपूर गेलं, चढ लागला, आणि कळ आली. श्वास सोडून पाहिला, अंग सैल सोडून पाहिलं. छे. भाचीने माझा चेहरा पाहिला आणि मुंडावळ्या सावरत, पुढे बसलेल्या चुलतसासऱ्यांना म्हणाली, "मामा, जरा गाडी थांबवता? मावशीचं काम आहे."

चुलतसासरे नारळांच्या पोत्यापाशी बसले होते. आमच्याकडे अवघड वळणावर राखणदार असतो, त्या जागेची राखण करणारा देव. नवी नवरी नेताना त्याला नारळ देतात. त्यांना वाटलं, मावशीचं काम म्हणजे तेच.

"राखणदाराचा नारळ ना? वा. शेरातल्या मान्सांनाबी ठावं हाय."

ते नारळ घेऊन उतरले, पुरुष त्यांच्यामागे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी दुसऱ्या बाजूने करवंदीच्या जाळीआड गेले. वळून पाहते तर नवऱ्याकडच्या झाडून साऱ्या बायका माझ्यामागे.

"बरं झालं गो बाय," एक म्हातारी खाली बसत म्हणाली. "सकाळधरनं दम धरलाय. बायकांसाठी कोन गाडी थांबवतंय?"

पुढे मला लाज वाटेनाशी झाली. कळ आली की मी भाचीला कोपर लावी, भाची मामांना सांगे, मामा नारळ घेऊन उतरत. "ह्या वळनालाबी हाय काय?" असं ते एकदा विचारायला लागले, तेव्हा मागून साऱ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "हाय, हाय." वाडीवर सासूने नवरीवरून उतरवायला नारळ मागितला, तर पोतं रिकामं. उरला होता तो ओटीतला. मामा अभिमानाने म्हणाले, "समदे देवाला पोचले." बायका पदर तोंडाला लावून नुसत्या हलत होत्या.

त्या रात्री दुखलंच. जाळीआडच्या त्या म्हातारीने काही न विचारता तापवलेली वीट फडक्यात बांधून दिली, वर बिनतिखटाची पेज. सासरी गेलेल्या भाचीपेक्षा जास्त लाड माझेच झाले.

काही वर्षांनी भाचीच्या धाकट्या दिराचं लग्न झालं. तीच वाट, पोलादपूर मागे पडलेलं. कळ आली म्हणून मी तोंड उघडणार, तोच गाडी आपणहून थांबली. मामा, आता चांगलेच थकलेले, नारळ घेऊन उतरले.

"इथं थांबायचंच," ते ड्रायव्हरला सांगत होते. "वाडवडलांपासनंची रीत हाय आमची."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसू तर आवरेचना. जाळीआड नवी नवरी शालू सावरत माझ्याजवळ आली, घामाघूम झालेली.

"बरं झालं थांबली गाडी," ती कुजबुजली. "सांगायचं कोणाला, तेच कळत नव्हतं."

"सांगावं लागत नाही," मी म्हटलं. "रीतच आहे इथली."