जिवंत की मेलेला

सत्यशीला गजभिये यांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, तोही कंपनीच्या सहलीत. पण रोजचे आठ तास त्यांचे बोटीवरच जात. हिंजवडीत, चौथ्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या खुर्चीत.

कुठल्याशा थंड देशात कायदा आहे. जाळ्यात आलेली मासळी नको असली तरी समुद्रात फेकायची नाही, सगळी बंदरावर आणायची. जगेल असा मासा तेवढा परत सोडायला मुभा. कोणी लबाडी करू नये म्हणून बोटींवर कॅमेरे, आणि ते चित्रण बघायला आम्ही. मासळी त्यांची, डोळे आमचे. आधी विम्याचे कागद होते, मग नकाशे, आता मासे. "काम बदलतं, मान तीच दुखते," ताई म्हणायच्या.

पाण्यात गेलेल्या प्रत्येक माशाची नोंद करायची. त्यात एक रकाना होता: जिवंत की मेलेला. तिथे आधीपासूनच 'मेलेला' असायचं. 'जिवंत' केलं, की तो किती सेकंद हलत होता ते मोजून लिहा. त्यात दिवसाचं टार्गेट बुडायचं. म्हणून त्या रकान्याला कोणी हात लावत नसे. ताईंना पहिल्या दिवशी ही युक्ती मीच शिकवली होती, आणि वर मोठं शहाणपण शिकवल्यासारखा त्यांच्याकडून चहाही प्यालो होतो.

एका बोटीवर लाल लोकरी टोपीचा म्हातारा खलाशी होता. बोटाएवढे मासे तो ओंजळीत घ्यायचा आणि वाकून, अलगद पाण्यात सोडायचा. "आले आमचे आजोबा," ताई म्हणायच्या आणि नोंद करायच्या. तीन आठवड्यांत दोनशे बारा नोंदी झाल्या. सगळे मेलेले.

एके दिवशी आमची टीम लीडर दीपाली हसत आली. "ताई, क्लायंट जाम खूश आहे! तुमच्या डेटावर त्या बोटीला दंड बसला. त्या टोपीवाल्याला काढून टाकलं."

ताईंनी जुनं चित्रण लावलं. ओंजळ फडफडत होती.

"अगं, हे जिवंत होते. चूक माझी आहे, त्याची नाही. कळव त्यांना."

"ताई, रिपोर्ट क्लोज झालाय. आता कोण उघडणार?"

ताईंनी स्वतः क्लायंटला तीनदा मेल लिहिली. उत्तर आलं नाही. कर्वेनगरपर्यंतच्या बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून बसायच्या. मला फार लाज वाटायची, पण ती युक्ती माझी होती हे दीपालीला सांगायचा धीर झाला नाही.

पुढच्या चित्रणात म्हाताऱ्याच्या जागी नवा माणूस होता. कायद्याला घाबरलेला. त्याने एकही मासा पाण्यात सोडला नाही, सगळे खोक्यात टाकले. खोक्यात बारके मासे उड्या मारत राहिले. ताई पडद्याला बोट लावून सेकंद मोजत होत्या. एकशे चाळीसपर्यंत मोजले.

पाण्यात काही गेलंच नव्हतं, त्यामुळे नोंद करायची नव्हती. त्या महिन्यात ताईंच्या कामात एकही चूक निघाली नाही.