आजाची दोन बोटं

मागच्या वर्षी मुलीनं आम्हाला थंड हवेच्या ठिकाणी नेलं आणि डोंगर चढणाऱ्या छोट्या रेल्वेत बसवलं. वरच्या स्टेशनात दोरीआड रुळांखाली घालतात तो एक जुना लाकडी स्लीपर मांडला होता, त्याच्यावर गोऱ्या साहेबाचा फोटो. गाइड घोकलेलं बोलत होता. साहेबांना इथली हवा मानवली, साहेबांनी बंगले बांधले, मडमांना चढ सोसेना म्हणून साहेबांनी रेल्वे बांधली.

सगळं साहेबांनीच!

माझा आजा आरमोरीकडच्या जंगलात ठेकेदारासाठी असेच सागाचे स्लीपर तासायचा. ओंडक्यावर उभं राहायचं आणि आडव्या पात्याचा वासला स्वतःच्याच पायांकडे हाणायचा. एक घाव चुकला आणि डाव्या पायाची दोन बोटं गेली. आम्ही पोरं विचारायचो तर म्हणायचा, "रेल्वेनं नेली." जन्मात तो कधी रेल्वेत बसला नाही.

मी गाइडला विचारलं, "हे लाकूड कोनं तासलं?"

तो हसला. "आलं असेल काका, कुठल्यातरी जंगलातून."

माझं डोकंच फिरलं. तो स्लीपर आजाचाच होता असं मी म्हणत नाही. पण वासल्याचे घाव मला ओळखता येतात. मी वाकून त्यांच्यावर हात ठेवला.

"हात नका लावू काका, ऐतिहासिक ठेवा आहे."

"याच्यात आमच्या मानसायची बोटं गेली रे," मी ओरडलो. "तुया साहेबाचं काय गेलं?"