वेंगुर्ल्याच्या वखारीतून थेट प्रक्षेपण

महामारीत इथली, नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातली शाळा लॅपटॉपवर भरायला लागली, तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या बाईंनी जुन्या डच व्यापाऱ्यांचा धडा काढला. लेक बोलून गेली, "वेंगुर्ल्याला आमच्या आजोबांच्या घराजवळ डचांची वखार आहे." बाई हरखल्या. म्हणाल्या, आजोबांनाच वर्गात बोलवू, तू त्यांचं बोलणं डचमध्ये सांग.

विमानं बंद, त्यामुळे माझ्या बाबांना नात दोन वर्षं भेटलेली नव्हती. फोनवर ही "हाय आजोबा" म्हणून पळायची. मराठी सगळं कळतं, पण बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. बाबांना वखारीचं काडीचं प्रेम नाही हो. नात अर्धा तास समोर बसणार, एवढ्यावर स्वारी खूश.

त्या दिवशी इस्त्रीचा सदरा आणि खाली लुंगी अशा थाटात ते पडक्या वखारीत हजर झाले. "कमरेखाली कोण बघता?" असं मला बजावून फोन असा धरला, की सगळ्या वर्गाला आधी लुंगीच दिसली. मग आभाळ, मग बकरी. मी कॅमेऱ्याबाहेर ओट्यापाशी कपाळाला हात लावून उभी.

बाबा सुरू झाले, "ही वखार तुमच्या पूर्वजांनी बांधल्यानी नि टाकून गेले. आता छप्पर कोण घालतलो?"

लेकीने घसा साफ केला आणि डचमध्ये सांगितलं, "आजोबा म्हणतात, इमारत फार सुंदर आहे."

बाईंनी समाधानाने मान डोलावली. कार्टी बेरकी निघाली. त्या व्यापाऱ्यांचे दुभाषेही असेच असणार, नाहीतर पहिल्याच आठवड्यात डोकी फुटली असती.

मग बाबा रंगात आले. "येवा सगळी जेवूक. भाताक तोटो नाय."

हे मात्र तिने जसंच्या तसं सांगितलं आणि घोळ झाला. आपल्याकडे जेवायला या म्हणणं ही बोलायची रीत. इथे तारीख ठरल्याशिवाय कोणी शेजारी कॉफीलाही जात नाही. पोरं कॅलेंडरं शोधायला लागली. एकाला मासे चालत नव्हते. एकीला कुत्रा आणायचा होता. बाई म्हणाल्या, "कोणत्या तारखेला यायचं, विचार आजोबांना."

आता आली का पंचाईत? विचारायचं तर मराठीत. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम भांडी पुसायला घेतली.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "तारीख कुठली?"

बाबांचा हलणारा फोन स्थिर झाला. "त्यांका कधीय येऊंदे. तू कधी येतलंस, ता सांग."

सगळा वर्ग थांबलेला. लेक स्क्रीनच्या अगदी जवळ सरकली. मग म्हणाली, "मला माहीत नाही, आजोबा. पण मला यायचंय."

बाबा चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. बाईंनी विचारलं, "काय म्हणाले आजोबा?"

"ते आमचं आहे," ती डचमध्ये म्हणाली, आणि पुन्हा आजोबांशी मराठीत बोलायला लागली.