बाईच्या लॅपटॉपमधली पत्रं

माझी बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणतो आणि मी चाळिशीला टेकलो तरी ती मला बाबूच म्हणते. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. बाई त्याच वर्षी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागली होती. आम्ही राहायचो गोंदियात. तिकडेच खोली कर म्हणून सगळ्यांनी तिला सांगून पाहिलं. तिने केली नाही. आईला एकटीला माझं सगळं झेपणार नाही, असं तिला वाटायचं. सकाळच्या गाडीने जायची, संध्याकाळच्या गाडीने यायची. पहाटे उठून आमचा स्वयंपाक करून जायची.

पुढे मी मोठा झालो, तोवर आईने अंथरूण धरलं. आई गेली, तेव्हा माझं लग्न होऊन मुलगी झाली होती आणि मुलगी आत्याशिवाय झोपत नव्हती. बाईने खोली न करायला प्रत्येक वेळी काही ना काही कारण होतंच आणि ते नेहमी आमच्याकडचं असायचं. घरात तिचा पगारही यायचा, हे मी नाकारत नाही.

माझं स्टेशनजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तिथले जुने कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागले, तेव्हा मी व्हिडिओ पाहून पाहून त्यांच्यावर लिनक्स टाकायला शिकलो. ही सिस्टीम फुकट मिळते आणि कमी ताकदीच्या मशीनवरही बरी चालते. त्यामुळे बाईचा लॅपटॉप अडला, तेव्हा तो माझ्याकडे येणं साहजिक होतं. तिने तो सात-आठ वर्षांपूर्वी घेतला होता, सगळ्यात स्वस्तातला. शाळेचे निकाल, पटाची माहिती, पोषण आहाराचे तक्ते, सगळं ती त्यावर करायची. मागच्या दिवाळीच्या आधी तो सुरूच होईना. बटण दाबलं की गोल गोल फिरत राहायचा आणि तिथेच थांबायचा.

दिवाळीच्या सुट्टीत ती तीन दिवस तिरोड्याला मावशीकडे निघाली. जाताना लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून म्हणाली की मी येईपर्यंत याचं काय ते करून ठेव, पण माझ्या फाइली जाऊ देऊ नको. पासवर्ड लागेल का, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, नाही लागत. तिला थोडं हायसं वाटल्यासारखं दिसलं. पासवर्ड नाही म्हणजे आतलं काही दिसत नाही, असा तिने अर्थ घेतला असणार. मी काही तो दुरुस्त केला नाही. तेव्हा त्यात दुरुस्त करण्यासारखं काही आहे, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद होतं. बायको आणि मुलगी शेजारी फराळाला गेल्या होत्या. मी पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला. लिनक्सची एक सोय अशी की ती आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, मशीनमध्ये काही न टाकता. पाच मिनिटांत स्वच्छ निळा पडदा समोर आला. कडेला बाईच्या डिस्कचं चित्र होतं. त्यावर टिचकी मारली आणि सगळं उघडलं. ना पासवर्ड, ना काही. तिच्या नावाचं फोल्डर, त्यात शाळा, फोटो, डाउनलोड, आणि एक फोल्डर होतं ‘घर’ नावाचं.

माझ्याजवळचा दुसरा पेन ड्राइव्ह लहान होता. सगळं मावत नव्हतं, म्हणून काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते बघावं लागणार होतं. असं मी स्वतःला सांगितलं आणि ते खरंही होतं. पण ‘घर’ हे फोल्डर इतकं लहान होतं की ते न उघडताही मावलं असतं. मला वाटलं, घरटॅक्सचे कागद असतील. उघडलं तर आत नऊ फाइली. पत्र १, पत्र २, अशी ओळीने नावं.

पहिल्या फाइलीची सुरुवात होती, ‘प्रिय बाबू’.

बोलताना बाई आमच्या बोलीतच बोलते, पण पत्रं तिने शाळेतल्या मराठीत लिहिली होती, विरामचिन्हांसकट. पहिलं आई गेल्यानंतर दोन महिन्यांनी लिहिलेलं. त्यात लिहिलं होतं की आता आईही नाही, तर शाळेच्या जवळ राहायला जावं असं माझ्या मनात आहे, तुला कसं सांगावं ते कळत नाही. दुसरं जवळजवळ तसंच, फक्त अधिक लांब. तिसऱ्यात ती गाडीबद्दल लिहीत होती. थंडीत गाडी उशिरा आली की स्टेशनच्या बाकावर बसून आपण नेमक्या कोणत्या गावचे आहोत असं वाटतं, असं तिने लिहिलं होतं. एका पत्रात तालुक्याच्या गावी तिने पाहून ठेवलेली खोली होती. तिला पूर्वेकडे खिडकी होती आणि मागे पेरूचं झाड. दिवाळीनंतर सांगते, असं ती घरमालकिणीला बोलून आली होती. ती दिवाळी तीन वर्षांमागची. त्या दिवाळीत माझ्या मुलीला टायफॉइड झाला होता.

सातव्या पत्रात मी होतो.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बाईच्या शेजारच्या शाळेवरचे एक शिक्षक आपल्या बहिणीला घेऊन रविवारी आमच्याकडे आले होते. त्यांची बायको वारलेली, मूल नव्हतं. बाई तेव्हा त्रेचाळीसची होती. ते कशासाठी आले हे कळल्यावर मी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं की आता या वयात हे काय काढलं. आत आई अंथरुणावर होती. बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे ठेवला, पाहुण्यांना चहा दिला, आणि त्या विषयावर पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी त्या शिक्षकांची बदली झाली, त्यांनी लग्नही केलं. मी तो दिवस विसरून गेलो होतो. विसरून गेलो होतो असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो, असं म्हटलं तर जास्त खरं होईल.

पत्रात तिने लिहिलं होतं, ‘त्या दिवशी तू जे बोललास त्याचा मला राग नाही. तू लहान होतास आणि घाबरला होतास. मी काही बोलले नाही, याचा राग अजून जात नाही.’

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. लहान नव्हतो. घाबरलो होतो, हे मात्र तिने बरोबर ओळखलं होतं.

शेवटच्या पत्रात एकच ओळ होती. ‘बाबू, मला आता माझ्यापुरतं राहायचं आहे.’

मी शाळेचं फोल्डर घेतलं, फोटो घेतले, डाउनलोडमधलं कामाचं निवडून घेतलं. ‘घर’ घेतलं नाही. त्या क्षणी मी काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. माझा हात तिथपर्यंत गेला आणि थांबला, एवढंच. मग सिस्टीम टाकायला सुरुवात केली. एका पायरीवर ती विचारते की डिस्कवरचं सगळं पुसून टाकायचं का. तिथे मी बराच वेळ बसून राहिलो. अजूनही मागे फिरता येत होतं. माझ्या मनात येत होतं ते असं की पत्रं नाहीशी झाली तर तिला ती पुन्हा लिहावी लागतील, आणि तिला पहिल्याच वेळी पाच वर्षं लागली होती. पुन्हा तेवढी लागली तर मुलगी मोठी झालेली असेल. हा हिशोब मी शांत डोक्याने केला. म्हणूनच तो मला अजून टोचतो.

मी ‘पुढे’ दाबलं. अर्ध्या तासात काम झालं. लॅपटॉप नवा असल्यासारखा पळायला लागला. मी त्यात मराठी कीबोर्ड घातला, तिच्या फाइली होत्या तशा लावून ठेवल्या, अक्षरं मोठी केली. एखाद्याच्या घरात चोरी करून वर झाडलोट करावी, तसं ते चाललं होतं.

बाई परत आली, ती मावशीकडचे अनारसे घेऊन. हातपाय धुऊन लगेच लॅपटॉपपाशी बसली. मी तिला नवीन सिस्टीम दाखवली. काय कुठे आहे, बंद कसं करायचं, निकालपत्रक कसं उघडायचं. तिने दोन-तीन तक्ते उघडून पाहिले आणि खूश झाली. मग माऊस वर-खाली फिरला आणि थांबला. थोड्या वेळाने तिने लॅपटॉप मिटला आणि मुलीचा अभ्यास घ्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत होतो. बायको मुलीला न्हाऊ घालत होती. बाई माझ्यासमोर येऊन बसली.

“बाकी सगळं आलं,” ती म्हणाली. “घर तेवढं नाही आलं.”

मी म्हटलं की डिस्क जुनी आहे, एखादा भाग खराब झाला असेल. हे मी दुकानात गिऱ्हाइकांना रोज सांगतो, त्यामुळे जीभ सहज वळली. ती माझ्याकडे बघत राहिली. पंचवीस वर्षं चौथीच्या पोरांच्या थापा ऐकलेली बाई ती.

“तू वाचले,” ती म्हणाली.

“हो.”

“किती?”

“सगळे.”

तिने मान हलवली. मला वाटलं होतं ती रडेल किंवा चिडेल. तिने फक्त पदर नीट केला.

“वाचले तं वाचले. तुह्यासाठीच लिहिले होते. पण मग मिटवले काऊन, ते सांग.”

“तू जाशील म्हणून,” मी म्हटलं.

“ते द्यायचे का नाही द्यायचे, ते मी ठरवत होती,” ती म्हणाली. “पाच वर्षं झाले, मी ठरवूनच राहिली होती. तेवढंच माह्या हातात होतं, बाबू. तू तेही घेतलं.”

न्हाणीतून मुलीचा आवाज येत होता. बाई उठली आणि पोह्यांची तयारी करायला गेली. त्या दिवशी तिचे पोहे नेहमीसारखेच झाले होते.

सुट्टी संपायच्या आत तिने खोली पाहिली. आधीची, पेरूच्या झाडाची, केव्हाच दुसऱ्या कुणाला गेली होती. ही शाळेच्या वाटेवर होती, पत्र्याची, पण समोर मोकळी जागा असलेली. एका रविवारी मी तिचं सामान छोट्या गाडीत घालून नेलं. एक पलंग, गॅस, दोन पेट्या, लॅपटॉप. वाटेत आम्ही धानाबद्दल बोललो, रस्त्याबद्दल बोललो. धानाची कापणी सुरू होती. मी तीनदा माफी मागायला तोंड उघडलं आणि तीनदा दुसरंच काही बोललो. चौथ्यांदा, सामान उतरवून झाल्यावर, म्हटलं, “बाई, चुकलं माझं.”

“चुकलं,” ती म्हणाली. तिने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. बस एवढंच.

बायकोला मी सगळं सांगितलं, ते बाई गेल्यावर. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की खोलीचं मला माहीत होतं, बाईंनी मलाच आधी सांगितलं होतं, तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्यापासूनच ते लपवावं लागत होतं. मी वाचलेल्या नऊ पत्रांपेक्षा हे ऐकणं मला जड गेलं.

पुसलेलं परत आणायच्या काही युक्त्या असतात. दर वेळी जमतंच असं नाही, पण थोडंफार हाती लागतं. मी फोन करून तिला म्हटलं, लॅपटॉप दोन दिवस दे, बघतो काही निघतं का. ती म्हणाली, “राहू दे. चांगला चालून राहिला आहे तो.” आवाजात राग नव्हता. शाळेतल्या दुसऱ्या दोन शिक्षिकांनाही तशीच सिस्टीम टाकून हवी आहे, असं तिने पुढे सांगितलं. मी गेलो, दोन्ही लॅपटॉप करून दिले. दोघींच्याही फाइली आधी त्यांनाच, त्यांच्या हाताने काढून ठेवायला लावल्या. मी तोवर बाहेर व्हरांड्यात उभा राहिलो. बाईने ते पाहिलं.

आता ती महिन्यातून एकदा येते, पाहुण्यासारखी. मुलीसाठी काही आणते, जेवते, दुपारची गाडी धरते. आमचं बोलणं व्यवस्थित चालतं. आधी ती मला रागवायची, गिऱ्हाइकांशी उर्मट बोलतो म्हणून, डोक्याला तेल लावत नाही म्हणून. आता रागवत नाही. ते मला फार जाणवतं.

गेल्या महिन्यात मी न सांगता तिच्याकडे गेलो. बायकोने उडदाचे वडे दिले होते. दाराला कुलूप होतं. शेजारच्या म्हातारीने सांगितलं की मॅडम शाळेतल्या बायांसोबत नवेगावच्या तलावावर फिरायला गेल्या आहेत, सकाळीच, डबे घेऊन. हसत हसत गेल्या, असंही ती म्हणाली. मी फोन काढला होता, तो परत खिशात ठेवला. तिने मला कळवायचं काही कारणच नव्हतं. वड्यांचा डबा म्हातारीजवळ दिला आणि स्टेशनवर येऊन गाडीची वाट बघत बसलो. गाडी दीड तास उशिरा होती.