मोरव्याहून मोरसला

माझी आत्या भाईंदर पश्चिमेला मोरव्यात राहते. वय ऐंशीच्या पुढे. मी रिटायर झाल्यापासून पूनम सागरमधल्या माझ्या घरून दर गुरुवारी तिच्याकडे जाते. एकदा चहात साखर घालताना ती सहज म्हणाली, "माझी आजी घरात मोरस येऊ द्यायची न्हाय. गूळच."

साखर पूर्वी मॉरिशसहून यायची, म्हणून तिला मोरस म्हणत, एवढं मला माहीत होतं. "का गं, येऊ का द्यायची नाही?"

"तिच्या सासूनं बजावलेलं. म्हणे, आपला माणूस त्यात गेलाय."

तो माणूस म्हणजे त्या सासूचा धाकटा दीर. मिठागरात कामाला होता. खाडीत बुडाला, प्रेतही सापडलं नाही, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग खाडीत बुडालेल्याचा राग साखरेवर कशाला? तो मॉरिशसला तर गेला नसेल? मला काही स्वस्थ बसवेना.

मॉरिशसमधल्या सरकारी दप्तरखान्यात मी ईमेल पाठवला. ऊसमळ्यांवर बोटीनं नेलेल्या मजुरांच्या याद्या तिथं जपून ठेवल्यात. आमच्या जमिनीच्या जुन्या कागदांत त्याच्या वडिलांचं नाव मिळालं. गोऱ्या कारकुनानं भाईंदर कसं लिहिलं असेल, याचा अंदाज बांधत मी सात-आठ स्पेलिंगं कळवली. कितीतरी महिने उत्तर एकच, सापडत नाही. मग एका दुपारी यादीतल्या एका पानाचा फोटो आला. त्याचं नाव, बापाचं नाव, गाव मोरवा. खुणेच्या रकान्यात, दोन्ही नडग्यांवर जुने व्रण. मिठाच्या पाण्यात दिवसभर उभं राहणाऱ्यांचे पाय तसेच होतात.

खालच्या ओळीत एका बाईचं नाव होतं. नातं, बायको. गाव उत्तन. जात, ख्रिस्ती.

मी त्याची प्रिंट घेऊन मोरव्याला गेले आणि आत्याला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या.

"बुडाला न्हाय तर," ती म्हणाली.

"नाही. बायकोला घेऊन गेला."

"मग घरच्यांनीच बुडवला."

मला त्या सगळ्यांचा रागच आला. इतक्या पिढ्या आम्हाला खोटं सांगितलं! आत्या मात्र शांत होती. "आजीची सासू सांगत तर होती बिचारी," ती म्हणाली. "उघड बोलता येत नव्हतं, म्हणून मोरसचं नाव घ्यायची."

पुढच्या गुरुवारी आम्ही रिक्षानं उत्तनच्या कोळीवाड्यात गेलो. चर्चमधल्या फादरनी जुनी नोंदवही काढून दिली. त्या नावाच्या चौघी निघाल्या. त्यांतली आपली कोणती, कळायला मार्ग नव्हता. मी हिरमुसले. आत्यानं आत जाऊन एक मेणबत्ती लावली आणि बाहेर येऊन पायरीवर बसलेल्या एका म्हातारीजवळ टेकली.

"तुमच्यात कोन बाई बोटीनं गेलेली हाय का गं? लई पूर्वी?"

"आमच्यात सगलीच बोटीनं जातान," म्हातारी म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

मग ओल्या बोंबलांवरून त्यांचं जे बोलणं सुरू झालं, ते संपेचना. रिक्षावाला दोनदा विचारून गेला, "आंटी, और कितना टाइम?" मी त्याला थांबायला सांगितलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.