खेचर धरणारा

पोस्टिंगचा हुकूम आला तेव्हा माझा उजवा हात खांद्यापर्यंत एका घोडीत होता. गाभण आहे की नाही ते तपासत होतो. हेड क्लार्क तबेल्याच्या दारातूनच म्हणाला, "कॅप्टन साब, पहाड मिला है. खच्चर." मी मान वळवून "क्या?" असं विचारलं आणि घोडीनं लाथ झाडली. माझ्या फौजी नोकरीतल्या बहुतेक महत्त्वाच्या बातम्या मला अशाच अवस्थेत मिळाल्या.

मी रत्नागिरीचा, मांडवीचा. जनावरांचा डॉक्टर. फौजेत जनावरांचे डॉक्टर असतात हे लोकांना अजून सांगावं लागतं. वडील माझ्या लग्नाच्या वेळी स्थळांना सांगत, "मुलगा डॉक्टर आहे, मिलिटरीत." आणि तिथेच थांबत. कोणाचा डॉक्टर हे बायकोला साखरपुडा झाल्यावर कळलं. हे लग्न फसवून झालेलं आहे, असं तिचं आजही मत आहे आणि पुराव्यानिशी आहे.

आमच्या बॅचचे लोक चहूकडे पांगले. एक चिपळूणच्या बाजूला कोंबड्यांत गेला. त्याचा पेशंट एकटा मरत नाही, मेला तर अख्खी शेड मरते. एकानं पुण्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढला. तिथे कुत्र्याचे दात साफ करायला आधी नंबर लावावा लागतो. एक रेसच्या घोड्यांकडे गेला, त्याच्या पेशंटचा विमा त्याच्या स्वतःच्या विम्यापेक्षा मोठा आहे. एक गुहागरच्या बाजूला सरकारी दवाखान्यात गाईम्हशींच्या कानात बिल्ले मारतो आणि उरलेला वेळ मीटिंगांना बसतो. आणि मी खेचरांत. खेचराचा बाप गाढव, आई घोडी, आणि त्याला स्वतःला पिल्लू होत नाही. दूध नाही, शर्यत नाही, वंश नाही. फक्त ओझं. पण जिथे रस्ता संपतो तिथून पुढे पीठ, रॉकेल आणि दारूगोळा तेच वर नेतं. फौजेला ते ठाऊक असतं. म्हणून खेचराच्या खुरावर नंबर असतो, त्याची कागदोपत्री नोंद असते, आणि ते मेलं तर चौकशी होते.

सेक्टरचं नाव सांगत नाही. जुनी सवय. पूर्वेकडचे डोंगर होते आणि दुपारनंतर ढग खाली उतरत, एवढं पुरे.

आमचा दिवस सिक परेडनं सुरू होई. आजारी खेचरं रांगेत उभी, प्रत्येकाच्या तोंडाशी त्याचा ड्रायव्हर. खेचर हाकणाऱ्या जवानाला फौजेत ड्रायव्हरच म्हणतात. डॉक्टरनं एकेकासमोर थांबायचं आणि विचारायचं, "क्या तकलीफ है?" ड्रायव्हरनं खेचराचं दुखणं सांगायचं. खाल्लं का, लीद कशी, कुठल्या पायावर भार देत नाही. ड्रायव्हर स्वतः तापानं फणफणत असला तरी त्या रांगेत तो फक्त खेचराची जीभ. माणसांची सिक परेड वेगळ्या वेळी, वेगळ्या तंबूत, आमचे मेडिकल ऑफिसर मेजर नायर यांच्यासमोर. पहिल्याच आठवड्यात मी एका ड्रायव्हरला त्याच्या खोकल्याबद्दल विचारलं. नायब सुभेदार साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साब, इस लाइन में आदमी बीमार नहीं होता." मी शिकलो. आयुष्यात मी फार थोड्या गोष्टी नीट शिकलो, त्यातली ही एक.

त्याच रांगेत मला नाईक मिलिंद सकपाळ भेटला. देवरूखच्या वरच्या अंगाच्या एका गावचा, बौद्धवाडीतला. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. त्याच्या खेचरीचं नाव बिजली. तिला दिवसाढवळ्या चालायचा कंटाळा होता, म्हणून हे नाव. पहिल्या दिवशी मी तिचा मागचा खूर उचलायला वाकलो आणि तिनं माझी टोपी खाल्ली. पूर्ण खाल्ली नाही, बिल्ला थुंकला. सगळी रांग सावधानमध्ये उभी राहून हसत होती, हे फक्त फौजेत जमतं.

मी रागानं मराठीत पुटपुटलो. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "साहेब, रत्नागिरीचे काय?"

"मांडवी."

"मग पाण्याजवळची माणसं तुमी. डोंगरात कशाला कडमडायला आलाव?"

"समुद्रात खेचरं नसतात म्हणून."

"हां. तरी आमची बिजली बोटीत बसली असती. चालायला नको ना."

त्या दिवसापासून आम्ही दोघं मराठीत बोलायला एकमेकांना शोधत असू. तो मला सुट्टीवरून येताना फणसाची साठं आणायचा आणि वर म्हणायचा, "तुमाला नाय, बिजलीला आणलीत. तिनं अर्धी तुमाला द्यायला सांगितलंय. टोपीबद्दल."

बर्फ पडायच्या आधी वरच्या पोस्टचा सगळा साठा भरावा लागतो. त्या दिवशी कॉलम सकाळी निघाला. वरच्या पोस्टवरची दोन खेचरं पोटदुखीनं लोळत होती म्हणून मीही बरोबर होतो. दोन तासांनी वाट एका नाल्यावरून जाते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. पुढची खेचरं गेली. बिजलीच्या पायाखालची कड सुटली.

अशा वेळचा नियम साधा आहे. जनावर गेलं तर मोहरकी, म्हणजे त्याच्या तोंडाचा दोर, सोडायची. रंगरूटला हे पहिल्या दिवशी शिकवतात. मिलिंदनं सोडली नाही. दोघं रॉकेलच्या कॅनसकट उतारावरून घसरत खाली नाल्यात गेले.

मी त्यांच्यामागे उतरलो. उतरलो म्हणजे बुडावर घसरत गेलो आणि एक बूट वाटेत राहिला. खाली पोचलो तर मिलिंद उभा होता. कपडे झटकत होता. बिजलीही उभी होती, पण तिच्या डाव्या खांद्याचं कातडं सोलून खाली लोंबत होतं आणि रक्त खुरापर्यंत आलं होतं.

मी विचारलं, "काय तकलीफ?"

तो पाय जुळवून म्हणाला, "बिजलीचा डावा खांदा फाटलाय, साहेब. पण पाय टेकत्येय. हाड शाबूत हाय."

रिपोर्ट चोख होता. मी बिजलीचा ओठ वर केला आणि हिरडीवर अंगठा दाबला. जनावर आतून किती रक्त गमावतंय हे आम्ही असंच बघतो. अंगठा काढल्यावर हिरडी झटकन गुलाबी झाली. ठीक. मी पेटी उघडली.

टाके घालायला तासभर लागला. खेचर शांत राहावं म्हणून त्याच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून पिळतात. मिलिंद नको म्हणाला. नुसतं तोंड छातीशी धरून उभा राहिला.

"साहेब, शिवणकाम बरं जमतंय. वहिनींनी शिकवलं काय?"

"तू धर नीट."

"धरलंय. काठाला जरा फॉल लावा, म्हणजे झालं."

मी हसलो आणि सुई माझ्याच बोटात गेली. पुढे काही वेळानं तो बोलायचा थांबला. मी मनात म्हटलं, चला, एकदाचा गप्प बसला.

शेवटचा टाका घालून मी मागे सरकलो. काम छान झालं होतं. अजून सांगतो, माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं शिवणकाम. "बघ रे, मिलिंद," मी म्हणालो. तो बघायला आला नाही. होता तिथेच एका दगडाला टेकून बसला, मोहरकी हातातच.

"जरा बसतो, साहेब. माजा खांदा ओढतोय. डावा."

"तासभर खेचराचं तोंड धरलंस. ओढणारच." आणि मी त्याला दुखण्यावरची गोळी दिली. पाणीही दिलं. त्यानं गोळी हातात धरून ठेवली. मग त्याची मान एका बाजूला गेली.

मी धावलो. सवयीनं त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या होत्या. अंगठा दाबला, काढला, रंगात काही फरक नाही.

तो खेचर असता तर मी त्याच्या हिरड्या पहिल्या मिनिटात पाहिल्या असत्या.

सिग्नलवाला वरून रेडिओ घेऊन खाली आला. बोलणं हिंदीत झालं, इथे मराठीत देतो.

"जनावरांचा डॉक्टर बोलतोय. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"खेचर की माणूस? ओव्हर."

"माणूस. ओव्हर."

थोड्या वेळानं खालून मेजर नायर रेडिओवर आले. "पोट दाबून बघ. कडक आहे? ओव्हर."

"कडक. ओव्हर."

"खांदा दुखतोय म्हणाला का? डावा? ओव्हर."

"म्हणाला. ओव्हर."

"प्लीहा फुटली आहे. खांदा त्यामुळेच दुखतो. पोटात रक्तस्राव. पडून किती वेळ झाला? ओव्हर."

"दीड तास. ओव्हर."

"दीड तास तुम्ही काय करत होता? ओव्हर."

सिग्नलवाला माझ्याकडे बघत होता. मी बटण दाबलं. "खेचराला टाके घालत होतो. ओव्हर."

मेजर नायर यांनी सलाईन किती आहे ते विचारलं. दोन बाटल्या होत्या. दोन्ही चढवायला सांगितल्या आणि स्ट्रेचरवरून त्याला खाली तळावर आणायला सांगितलं. हेलिकॉप्टर मागितलं होतं. ढग उतरले होते. येणार नाही, असं कळलं.

मी घोड्याखेचरांच्या शिरा शोधायला शिकलेला माणूस. माणसाच्या हाताची शीर मला तिसऱ्या खेपेला मिळाली. सहा जणांनी आलटून पालटून स्ट्रेचर उचललं. मी बाटली धरून बाजूनं चाललो, एका बुटात. अर्ध्या वाटेवर मिलिंदनं डोळे उघडले.

"बिजलीला कोण धरतंय?"

"मागे आहे. दुसऱ्या ड्रायव्हरकडे."

"डाव्या बाजूनं धरू नको म्हणावं. टाके हायत."

"सांगतो."

तेवढंच. खालच्या वळणावरून आमच्या तळाची छपरं दिसायला लागतात. तिथे मी स्ट्रेचर खाली ठेवायला सांगितला. आता घाईनं नेण्यात अर्थ नव्हता.

चौकशी रीतसर झाली. मेजर नायर म्हणाले, पहिल्या मिनिटाला कळलं असतं तरी ऑपरेशन टेबलापर्यंत तो पोचला असताच असं नाही. कदाचित पोचला असता. निष्कर्ष निघाला: अपघात. जखमी ड्रायव्हरनं आपली प्रकृती ठीक असल्याचं भासवलं. हे वाक्य मी वाचलं आणि खाली सही केली. त्यानं काही भासवलं नव्हतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बिजली दीड महिन्यात ओझ्याला लागली. आणि वर्षअखेरीस मला शाबासकीचं कार्ड मिळालं. प्रतिकूल परिस्थितीत सरकारी जनावर वाचवल्याबद्दल. टाळ्या झाल्या. मी सॅल्यूट केला. त्या दिवशी नवी टोपी होती.

सुट्टीत मी देवरूखच्या वर गेलो. विहाराच्या पलीकडे चिऱ्याचं छोटं घर, पडवीत बांधलेली गाय. मी सकपाळ गुरुजींना सगळं सांगितलं. हिरड्यांचंही सांगितलं. शाळेत पाठांतर म्हणून दाखवणाऱ्या मुलाचं ऐकावं तसं त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. आतल्या दाराशी त्याची आई उभी होती. ती सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होती.

गुरुजींनी विचारलं, "नियमाप्रमाणे त्यानं दोर सोडायला हवा होता?"

"हो."

"आणि तुम्हाला काही शिक्षा?"

"नाही, गुरुजी. शाबासकी मिळाली."

"कशाबद्दल?"

"खेचर वाचवलं म्हणून."

गुरुजी म्हणाले, "म्हणजे खरं तेच लिहिलंय त्यांनी." आणि आत चहा टाकायला सांगितला.

आता मी निवृत्त आहे. रत्नागिरीत दवाखाना आहे. सकाळी गाई, शेळ्या, संध्याकाळी मांडवीच्या फ्लॅटमधली कुत्री. ज्या बॅचमेटांना मी हसायचो त्या सगळ्यांची कामं मी आता एकटा करतो, दातांसकट. दर सव्वीस जानेवारीला मला माजी सैनिक म्हणून पहिल्या रांगेत बसवतात. धारातीर्थी पडलेल्यांची नावं वाचली जातात. त्यात मिलिंदचं नाव नसतं. शत्रूची गोळी लागलेली नाही, अपघात. एका वर्षी मी आयोजकांना विचारलं. ते नम्रपणे म्हणाले, "डॉक्टर, यादी वरून येते." मी खाली बसलो. यादी वरून येते हे मला कोण सांगणार?

माझ्या एका खोडीवरून गावात विनोद चालतो. कोणाच्याही गोठ्यात गेलो की आधी जनावराचं विचारतो, आणि मग जनावर धरून उभ्या असलेल्या माणसाला विचारतो, "आणि तुमचं काय?" लोक म्हणतात, डॉक्टर फी एकाची घेतो आणि तपासतो दोघांना. एक म्हातारी म्हणाली, "मेल्या, मी काय म्हैस हाय?" मी म्हटलं, म्हैस असतीस तर बरं होतं, मला जास्त कळलं असतं.

मागच्या महिन्यात गुरुजींचा फोन आला. गाय अडली होती. गेलो तेव्हा ते गाईचं तोंड छातीशी धरून पडवीत उभे होते. वय झालंय. वासराचा एक पाय आत दुमडलेला होता. मी बाह्या सारल्या.

"काय त्रास?" मी विचारलं.

"सकाळपासून कळा देत्येय. पाणी गेलं. आता दमलीय."

"आणि तुमचं काय, गुरुजी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गाईच्या मानेवरचा एक हात काढला, अंगठ्यानं स्वतःचा वरचा ओठ उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"बघा," ते म्हणाले. "गुलाबी आहेत. आता गाईकडे बघा."